यार्डअप्पांचा बदली नंबर

महांतप्पांना विस्कटलेली रांग बघवत नसे. लग्नात ताटांपाशी झुंबड उडाली की नवरदेवाचा मामा हात बांधून उभा असायचा आणि हे, कुणाचे कोण, मध्ये घुसून "बायका हिकडून, गडी तिकडून, कडेवर लेकरू असलेल्या पयल्या" असं लावून द्यायचे. गिरणीत गेले की दळणाचे डबे आल्याच्या क्रमानं मांडायचे. बँकेत पासबुक भरून घ्यायला गेलेला हा माणूस तासाभरानं काउंटरच्या आतल्या बाजूला उभा दिसायचा, आणि मॅनेजरचीही त्याला हरकत नसायची. ढोकीतली माणसं हसायची, "अप्पा, यार्ड सुटलं की आता!" म्हणायची. त्यावर त्यांची बायको इरम्मा म्हणायची, "ह्यांचं सुटलंय. यार्डानं ह्यांना सोडलं न्हाय."

यार्ड म्हणजे साखर कारखान्याचं. तिथं महांतप्पांनी एकतीस हंगाम काढले आणि काम एकच केलं, उसाच्या गाड्यांना नंबर द्यायचे. हंगाम रंगात आला की तीनशे-चारशे बैलगाड्या आणि ट्रॉल्या उभ्या असत. खाली तोडणीवाल्या बायकांच्या चुली, वर ड्रायव्हरांची डोकी, दोन्ही तापलेली. कुणाचा नंबर कधी, कोण जेवायला गेलाय, कुणाचं टायर बसलंय, हे सगळं महांतप्पांच्या डोक्यात. उसाच्या मोळ्या जिथं पडतात आणि आत ओढल्या जातात त्या जागेला गव्हाण म्हणतात. ती घटकाभरही रिकामी राहता कामा नये, हा तिथला धर्म होता. बाहेर चारशे गाड्या ताटकळत असताना गव्हाण रिकामी, यासारखी नामुष्की नाही. म्हणून महांतप्पा दर दहा गाड्यांमागं दोन गाड्या बैल जुंपून तयार ठेवत. वेळेला कुणी हजर नसला की त्यातली एक आत. तिला ते बदली नंबर म्हणत. या कामात त्यांनी शिव्या भरपूर खाल्ल्या, पण कुणाच्या घरचा चहा प्यायल्याचा बोल लावून घेतला नाही. अशा माणसाला निवृत्तीनंतर दुपारी झोप कशी यावी?

मग इरम्माचा हात बिघडला.

आधी बोटांतून वाट्या सुटू लागल्या. भाकरी थापताना डावा हात मागं राहू लागला आणि भाकरीला कडेला भेग पडू लागली. वय झालं, असं म्हणून तिनं ते उडवून लावलं. पण एक दिवस सकाळी ती पूजेला बसली होती. लिंगायतांच्या घरात इष्टलिंग गळ्यात असतं, छातीशी. पूजेच्या वेळी ते डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, बेलाचं पान वाहायचं आणि टक लावून बघायचं. आठव्या वर्षी दीक्षा झाल्यापासून इरम्मानं यात एक दिवस चुकवला नव्हता. त्या सकाळी तळहात थरथरला आणि लिंग घसरलं. उजव्या हातानं तिनं ते वरच्या वर झेललं म्हणून बरं. इष्टलिंग जमिनीवर पडणं हा लिंगायतांत मोठा दोष मानतात, हे तिच्यासारखीला सांगायला नको. आठ दिवस ती कुणाला बोलली नाही. नवव्या दिवशी महांतप्पांना म्हणाली, "अवं, माझा हात गेला तर चालंल. पन पूजेत लिंग पडलं तर म्या कुनाला तोंड दाखवू?"

बायको रडणारी नव्हती, आणि आता तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

जिल्ह्याच्या गावी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तिची बोटं मिटवून पाहिली, गुडघ्यांवर हातोडी मारली, चालायला लावलं. म्हणाले, मानेत मज्जारज्जूवर दाब आला असावा, किंवा वर डोक्यात काही असेल. एमआरआयचा फोटो निघाल्याशिवाय काही सांगता येणार नाही. दाब असेल तर लवकर मोकळा करायला हवा. हातातली गेलेली ताकद परत येईलच असं नाही, उरलेली मात्र वाचवता येते. हे ऐकून दोघं खिडकीवर गेले. तारीख मिळाली एकसष्ट दिवसांनंतरची. अपघाताचे, झटका आलेले पेशंट आधी जाणार, हे बरोबरच होतं. बाकीच्यांनी रांगेत थांबायचं. खासगीत जाणं त्यांच्या पेन्शनीला झेपणारं नव्हतं, हे दोघांनाही न बोलता ठाऊक होतं.

चार दिवसांनी महांतप्पा तारीख अलीकडं येते का ते विचारायला एकटेच गेले. येत नव्हती. मग ते एमआरआयच्या खोलीबाहेरच्या बाकावर टेकले आणि सवयीनं मोजायला लागले.

दिवसभरात सोळा नावं पुकारली गेली. फोटो निघाले अकरा जणांचे. एक जण आलाच नाही. एकाच्या पायात जुना रॉड होता आणि तो कसला आहे याचा कागद घरी राहिला होता. एका बाईला इंजेक्शन देऊन फोटो काढायचा होता, तर तिनं आधीचा रक्ताचा रिपोर्टच आणला नव्हता. एका आजीबाईंच्या पायातली जोडवी निघेनात. साबण आणा, तेल आणा, यात पाऊण तास गेला, आणि त्या रडकुंडीला येऊन पुढची तारीख घेऊन गेल्या. एक दणकट गडी आतल्या बोगद्यात शिरताना जो घाबरला तो थेट बाहेरच्या रसवंतीवर जाऊन थांबला. महांतप्पांच्या घड्याळाप्रमाणं मशीन दोन तास दहा मिनिटं नुसतं उभं होतं. बाहेर माणसं दोन-दोन महिने थांबलेली आणि आत गव्हाण रिकामी! त्यांना एकाच वेळी राग आला आणि आनंद झाला. राग कशाचा ते उघड आहे. आनंद अशासाठी, की हा आजार त्यांच्या ओळखीचा होता.

संध्याकाळी मशीन चालवणारा अमरनाथ बाहेर आला तसं त्यांनी त्याला गाठलं. अमरनाथ तिशीतला, दिवसभर उभा राहून आंबलेला. "आदल्या दिवशी फोन करून सांगत का न्हाई लोकास्नी?" असं महांतप्पांनी विचारल्यावर तो भडकलाच. "अप्पा, मी मशीन चालवू का फोन करत बसू? मला चार हात आहेत का? तुम्ही करता का फोन?"

तो चिडून बोलला होता. महांतप्पांनी ते आमंत्रण समजून घेतलं.

त्यांची एकुलती एक मुलगी गायत्री इंग्लंडात नर्स आहे, तिथल्या सरकारी दवाखान्यातच. रविवारी तिचा फोन आला तेव्हा महांतप्पांनी आईच्या हाताआधी रांगेचं सांगितलं, त्यावरून इरम्मानं त्यांना डोळे वटारून दाखवले. गायत्री म्हणाली, "अप्पा, हिथंपन तसंच हाय. पैसे लागत न्हाईत, पन फोटोला आठवडेच्या आठवडे थांबत्यात मानसं."

"इंग्लंडात?" महांतप्पांचा विश्वास बसेना. तिकडं बटण दाबलं की सगळं होतं अशी त्यांची समजूत होती.

"व्हय. फक्त हिथं आधी निरोप येतो, येताव ना म्हणून. आन् कुनी आलं न्हाई तर लगेच येऊ शकनाऱ्यांची येगळी यादी असते. त्यातल्याला बोलवत्यात."

"म्हंजे बदली नंबर!" महांतप्पा एवढ्या जोरात ओरडले की इरम्माच्या हातातली वाटी, यावेळी हाताचा दोष नसताना, खाली पडली. पुढं कित्येक दिवस ते भेटेल त्याला सांगत होते, की ढोकीच्या यार्डातली युक्ती साहेबाच्या देशात चालू आहे. आधी कुणाला सुचली हा मुद्दा त्यांच्या लेखी निकालात निघाला होता.

विभागाच्या प्रमुख शिवप्रिया मॅडम. त्यांनी महांतप्पांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, ही गोष्ट साधी नाही. मग अटी घातल्या. पेशंटचे कागद, आजार, रिपोर्ट यांतलं काही बघायचं नाही. ज्यांची तयारी आहे त्यांनी आपण होऊन नाव, गाव आणि फोन नंबर द्यावा. तातडीचा पेशंट आला की तुमची यादी बाजूला. आणि कुणाला आत घ्यायचं ते मी ठरवणार. "पंधरा दिवस करून बघा," त्या म्हणाल्या. महांतप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं हजर झाले. हातात शंभर पानी वही, खिशात दोन पेन. खिडकीशेजारच्या कोपऱ्यात त्यांना एक खुर्ची मिळाली, आणि त्या खुर्चीला आठ दिवसांत यार्ड म्हणू लागले.

फोनवर ते यार्डातल्यासारखेच बोलत, म्हणजे ओरडत. मध्ये चारशे गाड्या उभ्या आहेत असं समजून. "उद्या धा वाजता! ऐकायलाव का? रक्ताचा रिपोर्ट पिशवीत आजच घाला, सकाळी इसरताव! अंगावर धातू नको. जोडवी, मंगळसूत्र, पाटल्या, ताईत, केसातल्या पिना, समदं घरी. निघत नसंल तर सोनाराकडं आज जावा, उद्या हिथं साबण लावत बसायचं न्हाय! पोटात, पायात कवा लोखंड बसवलंय का? छातीत मशीन हाय का? मग त्याचा कागद!" बेंबळीच्या एका पाटलाच्या कमरेला चांदीचा करदोडा होता, चाळीस वर्षांत न निघालेला. त्यानं फोनवर विचारलं, "आन् न्हाय काढला तर?" महांतप्पा म्हणाले, "मशीन वढून घेतंय. करदोड्यासंगं पाटीलबी जायचा." चांदीला मशीन ओढत नाही, हे त्यांना अमरनाथनं नंतर सांगितलं, पण तोवर पाटलानं करदोडा सोनाराकडून कापून आणला होता आणि कंबर मोकळी झाल्याचं त्याला बरंच वाटत होतं.

माणसं त्यांना यार्डअप्पा म्हणू लागली. सोळांतले चौदा, कधी पंधरा फोटो निघू लागले. खिडकीवरच्या बाई नव्या पेशंटला पन्नास दिवसांची तारीख देऊ लागल्या, मग चव्वेचाळीस. अमरनाथला जेवायला वेळ मिळेनासा झाला, तरी तो आता चिडत नव्हता.

वहीच्या मागच्या पानावर बदली नंबर होते, तासाभरात पोचू शकणाऱ्यांचे. तारखेच्या क्रमानं लावलेले. त्यात इरम्मा अकरावी होती.

पहिली जागा रिकामी झाली त्या दिवशी अमरनाथ दारातून डोकं काढून हळूच म्हणाला, "अप्पा, मावशींनाच बोलवा की. कोण बघतंय?"

महांतप्पांच्या मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि चांगलं रुतून बसलं. त्याच सकाळी इरम्मानं उजव्या हातानं डावा मनगटाशी धरून पूजा केलेली त्यांनी पाहिली होती. यादी त्यांनी केली होती, फोन त्यांचा होता, उन्हातान्हाचं येणं-जाणं त्यांचं होतं. एक नंबर पुढं घेतला तर कोण विचारणार होतं? पण पहिल्या नंबरावर बेंबळीच्या कस्तुराबाई होत्या. त्यांचा फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला, जणू हातातच धरून बसल्या होत्या. महांतप्पा म्हणाले, "बाई, लगेच निघताव का?" पलीकडून "निघालेच" असं ऐकू आलं आणि फोन चालूच राहिला. चपला शोधण्याचा आवाज येत होता. फोन बंद केल्यावर महांतप्पा बराच वेळ वहीकडं बघत बसले. घरी मात्र त्यांनी यातलं अवाक्षर काढलं नाही.

पण आभाराचा फोन यायचा तो आलाच. कस्तुराबाईंनी चार दिवसांनी केला आणि तो नेमका इरम्मानं घेतला. "तुमच्या मालकांमुळं माझा नंबर लवकर लागला बगा!" इरम्मा दोन दिवस बोलली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, पण शब्द नाही. तिसऱ्या दिवशी महांतप्पाच म्हणाले, "अगं, तिचा नंबर पयला होता."

"त्ये मला कळत न्हाय व्हय?" इरम्मा उसळली. "मला सांगितलं असतं तर म्याच म्हनले असते, बोलवा तिला. तुमी लपवलं. म्या काय नंबर तोडून घुसनारी वाटले का तुमाला?"

महांतप्पांनी कान धरले. हे ते आयुष्यात दुसऱ्यांदा करत होते आणि पहिली वेळ कुठली ते दोघांनाच माहीत होतं. त्या दिवसापासून संध्याकाळी घरी आले की ते आधी सांगत, "आज नववा." मग, "आज सातवा." इरम्मा मान हलवायची आणि डावी बोटं उघडझाप करत बसायची. बोटं दर आठवड्याला थोडी जास्त हट्टी होत होती. मधली दोन आता पुरती मिटत नव्हती.

तारीख मिळाल्यापासून तेविसाव्या दिवशी नंबर लागला. बुधवार होता. साडेबाराचा पेशंट तापानं फणफणल्याचा निरोप सकाळी आला, आणि वहीत पहिल्या ओळीवर इरम्माचं नाव होतं. महांतप्पांनी घरी फोन केला तेव्हा त्यांचा आवाज यार्डाचा राहिला नव्हता. इरम्मा शेजारच्या जीपमधून पावणेबाराला पोचलीसुद्धा. जोडवी, मंगळसूत्र, पाटल्या, नाकातली चमकी, सगळं घरी ठेवून आलेली. महांतप्पांनी तिच्याकडं अभिमानानं पाहिलं. सगळ्या जिल्ह्याला तालीम दिली तशी घरच्या माणसालाही दिली होती.

साडेबाराला अमरनाथनं दार उघडलं. तिला नीट पाहून म्हणाला, "मावशी, गळ्यात ते काय आहे, पदराखाली?"

इरम्माचा हात आपोआप छातीशी गेला. तिथं चांदीची डबी होती, आणि डबीत इष्टलिंग.

महांतप्पा खुर्चीतून अर्धवट उठले आणि तसेच राहिले. दोनशेच्या वर माणसांना त्यांनी धातूची यादी सांगितली होती. ताईत सांगितला, करदोडा सांगितला, पिना सांगितल्या. लिंगाची डबी एकदाही त्यांच्या तोंडात आली नव्हती. त्यांच्या स्वतःच्याही गळ्यात ती होती. पण जन्मभर जे अंगावर आहे, अंघोळीत आहे, झोपेत आहे, ते दागिना आहे किंवा धातू आहे असं त्यांच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं. ते अंगच होतं.

"ते काढून द्या," अमरनाथ म्हणाला. "डबी आणि आतलंसुद्धा. आतल्याला कशाचा लेप आहे मला माहीत नाही. माहीत नसलेली वस्तू मी आत जाऊ देणार नाही."

"न्हाय," इरम्मा म्हणाली. आवाज वर नव्हता, पण त्यात वाटाघाटीला जागा नव्हती. "गायत्रीच्या बाळंतपनात बारा तास कळा दिल्या, तवा बी हे गळ्यात होतं. म्या मेले की हे माझ्यासंगं मातीत जायचं. त्याच्या आधी अंगावेगळं व्हायचं न्हाय."

नियम महांतप्पांचाच होता, जो तयार नाही त्याच्यासाठी मशीन थांबवायचं नाही. तेवीस दिवस तिनं वाट पाहिली आणि आता दारात येऊन चूक निघाली, तीही त्यांची. मग यार्ड मदतीला आलं. टायर बसलेली ट्रॉली रांगेतून काढून टाकत नाहीत. मागची पुढं घ्यायची, तेवढ्या वेळात टायर बदलायचं. त्यांनी बाकाकडं पाहिलं. एकची वेळ असलेला माकणीचा सिद्धाराम नऊपासून येऊन बसला होता. मॅडमना विचारून ते म्हणाले, "सिद्धाराम, तुमी साडेबाराला जावा. एकची जागा हिची." सिद्धाराम पिशवी उचलून आत गेला.

अर्धा तास मिळाला. महांतप्पांनी आपल्या घराण्याच्या गुरूंना, जंगम हणमंतप्पा स्वामींना फोन लावला. इरम्माची दीक्षा त्यांच्या वडिलांच्या हातची. स्वामी शेतात होते, मागून मोटारीचा आवाज येत होता. महांतप्पांनी स्पीकर लावला आणि सगळं सांगितलं. स्वामींनी मोटार बंद करायला लावली.

"लिंगाला अंगाचा आधार पायजे, हे बराबर," स्वामी म्हणाले. "डबी सोनाराची हाय, तिचं काय न्हाय. लिंग मात्र नुसतं टेबलावर, पिशवीत ठेवू नगा. महांतप्पा, तुमी हातपाय धुवा, विभूती लावा, आन् तुमच्या डाव्या तळहातावर घ्या. ती भाईर येस्तोवर हलायचं न्हाय. इरम्मा, ऐकायलीस का? त्यांचं अंग तुला परकं हाय का?"

स्वामींनी उत्तराची वाट पाहिली नाही. "मी वाट सांगितली, आता तू ठरव," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

इरम्मा स्वतःच्या डाव्या हाताकडं बघत होती. उघडून पाहिला, मिटून पाहिला. दोन बोटं वर राहिली. महांतप्पांना तिला समजवावंसं फार वाटत होतं. डॉक्टर काय म्हणाले, किती दिवस गेले, परत नंबर कधी लागेल. पण आपण बोललो तर ती आपल्यासाठी हो म्हणेल, हे त्यांना कळत होतं, म्हणून त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"आज न्हाय ठिवलं तुमच्या हातावर," शेवटी इरम्मा म्हणाली, "तर उद्या माझ्या हातावर ऱ्हायचं न्हाय." आणि मग, "नीट धुवा हात. साबनानं."

एक वाजता सिद्धाराम बाहेर आला. इरम्मानं पाठ फिरवून डबी उघडली, लिंग डोळ्यांना लावलं आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं. कपाळाला विभूती लावलेला तो बासष्ट वर्षांचा माणूस सरकारी दवाखान्याच्या बाकावर ताठ बसला होता, डावा हात पुढं करून. आत धडधड सुरू झाली. बाहेर त्यांचा खिशातला फोन वाजू लागला. वाजला, थांबला, परत वाजला. शेवटी सिद्धारामानं विचारून तो बाहेर काढला आणि कानाला लावून म्हणाला, "यार्डअप्पा कामात हायत. काय ते मला सांगा." पलीकडच्यानं पत्ता विचारला. त्यानं तो सांगितला, आणि वर, "अंगावर धातू नको बरं का," हेही सांगितलं. दीडच्या पेशंटलाही त्यानंच वहीत बघून पुढच्या बाकावर बसवलं. महांतप्पा हे सगळं ऐकत होते आणि पहिल्यांदाच त्यांना रांगेत काही करावंसं वाटत नव्हतं. वेळ किती झाला तेही कळायला मार्ग नव्हता. घड्याळ त्याच मनगटावर होतं आणि हात वळवायचा नव्हता. तळहातावर ते लहानसं काळं लिंग होतं, तिच्या अंगाची ऊब अजून असलेलं. त्यांना रडू आलं. डोळे पुसायला उजवा हात मोकळा होता, पण त्यांनी तोही हलवला नाही.

दार उघडलं. इरम्मा बाहेर आली ती सरळ त्यांच्यापाशी. "हललं तर न्हाय ना?" तिनं विचारलं.

"न्हाय," महांतप्पा म्हणाले.

फोटोत डोक्यात काही नव्हतं. मानेतली एक चकती सरकून मज्जारज्जूवर चेपली होती. डॉक्टरांनी दोन्ही तारखा डोळ्यांखालून घातल्या, मिळालेली आणि झालेली, आणि म्हणाले, "अजून पाच-सहा आठवडे गेले असते तर मी एवढ्या खात्रीनं बोललो नसतो." सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं, सरकारी योजनेतून. तेव्हाही लिंग महांतप्पांच्याच हातावर होतं, आणि यावेळी इरम्मानं डबी न सांगता उघडून दिली.

आता यार्डात दोन खुर्च्या आहेत. कर्नाटकच्या सीमेकडच्या गावांतून येणारी माणसं कन्नडात बोलली की महांतप्पांची गाडी अडखळते, म्हणून ते फोन कन्नड चांगलं येणारी इरम्मा करते. ती ओरडत नाही. रिपोर्टचं, जोडव्यांचं सांगून झालं की ती हळू आवाजात विचारते, गळ्यात लिंग आहे का, असेल तर संगं घरचं माणूस आणा, त्याला अंघोळ करून यायला सांगा, मी इथं आहे. नवीन पेशंटला आता पस्तिसाव्या दिवशीची तारीख मिळते. पस्तीस दिवस थोडे नव्हेत. महांतप्पा त्याबद्दल अजून चरफडतात. दुसरं मशीन हवं म्हणून मॅडमनी लिहून पाठवलंय, आणि त्याच्या उत्तराची वाट बघणं चालू आहे.

इरम्माच्या डाव्या हाताची करंगळी पुरती मिटत नाही. मिटणारही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. सकाळी पूजेला बसली की महांतप्पा एसटी चुकेल म्हणत दारात चपला घालून उभे असतात आणि जात मात्र नाहीत. ती बेलाचं पान वाहते, हात पुढं धरते, आणि नजर न हलवता त्यांना म्हणते, "जावा आता. धरलंय म्या."